'होस्ट' आणि 'बिलीव्ह इन नथिंग' : दुसरी सुरावट कुठे गेली?

प्रश्न : पॅराडाइज लॉस्ट या इंग्लंडमधल्या मेटल बँडचे 'गॉथिक', 'आयकॉन' आणि 'ड्रॅकोनियन टाइम्स' आमच्या बँडला तोंडपाठ आहेत. मग 'होस्ट' आणि 'बिलीव्ह इन नथिंग' लावले आणि दोन्हींनी निराशा केली. गिटार टाकून दिली म्हणून असं झालं का? अल्बम खरंच फसलाय की आपल्या कानाला सवय नाही, हे कसं ओळखायचं? शिवाय आम्हीही ग्राउल (घशातून काढलेली गुरगुर) सोडून स्वच्छ गायकीकडे वळतोय. तीच चूक आमच्याकडून होऊ नये म्हणून काय पाहावं?

उत्तर :

हे दोन अल्बम एका दावणीला बांधू नका. 'होस्ट'मध्ये (१९९९) गिटार मागे गेली, तरी तो चांगला अल्बम आहे असं माझं ठाम मत आहे. 'बिलीव्ह इन नथिंग'मध्ये (२००१) गिटार परत आली आणि फसला तो हाच. त्यामुळे गिटार किती आहे हे मोजून दोष सापडणार नाही. गाणाऱ्याच्या सुराला उत्तर देणारी दुसरी सुरावट आहे की नाही, ते शोधा.

'गॉथिक' (१९९१) आठवा. यॉर्कशरमधल्या हॅलिफॅक्सची ही पोरं पीसव्हिल या छोट्या लेबलवर होती. गायक निक होम्स तेव्हा ग्राउल करायचा. ग्राउलला लय असते, वजन असतं, पण नेमका स्वर नसतो. मग गाण्याची चाल सांगायची कोणी? ते काम ग्रेगर मॅकिंटॉशच्या लीड गिटारने घेतलं. ॲरन एडीची ऱ्हिदम गिटार आणि बेस खाली जमीन धरून राहतात आणि वर लीड सावकाश, लांब स्वरांत रडते. मधूनच वाद्यवृंद आणि बाईचा आवाज येतो. या शैलीला गॉथिक मेटल हे नाव मिळालं ते बरंचसं याच अल्बमवरून, आणि तिचा गाभा ही वाटणीच आहे. कंठाने अंधार सांगायचा, गिटारने शोक.

आपल्या कानाला हे लवकर भिडतं, त्याला कारण आहे. या संगीताचा साधा मायनर म्हणजे आसावरी थाटाचे स्वर : गंधार, धैवत, निषाद कोमल. निषाद शुद्ध केला की हार्मोनिक मायनर होतो, म्हणजे किरवाणी. रिषभही कोमल घेतला (निषाद कोमलच ठेवून) की भैरवी थाट, ज्याला पाश्चात्त्य नाव फ्रिजियन. कोमल धैवतावरून पंचमावर किंवा कोमल गंधारावरून रिषभावर मींडेसारखं उतरायचं, हा या शैलीतल्या लीडचा हुकमी विसावा. तार ओढून सोडताना स्वर सरकतो, त्या सरकण्यात सगळी व्यथा असते. कीबोर्डवर तोच स्वर दाबला तर जागा बरोबर असते, पण सरकणं नसतं. 'होस्ट'वर जी हळहळ व्यक्त होते तिचा मोठा भाग एवढाच आहे, आणि तेवढ्यापुरती ती रास्तही आहे.

'ड्रॅकोनियन टाइम्स'वर (१९९५) होम्सच्या आवाजात स्वर आला होता, पण खरखर शिल्लक होती. पहिलंच गाणं, 'एन्चॅन्टमेंट', पियानोवर उघडतं आणि सहा मिनिटांच्या आसपास चालतं. घड्याळ लावून ऐका. गायक ओळ संपवतो, श्वास घेतो, आणि त्या रिकाम्या जागेत लीड शिरते. दोघं एकमेकांच्या अंगावर येत नाहीत. निर्माता सायमन एफेमी 'शेड्स ऑफ गॉड' या आधीच्या अल्बमपासून या बँडबरोबर होता, आणि ही जागा राखण्यात त्याचाही हात आहे असं मला वाटतं.

अडचण इथून पुढे सुरू होते. गायक स्वच्छ गाऊ लागला की चाल त्याच्याकडे जाते आणि लीडची नोकरी धोक्यात येते. 'वन सेकंड'मध्ये (१९९७) हे पहिल्यांदा जाणवतं. 'से जस्ट वर्ड्स'सारख्या गाण्यात कोरस कंठाने धरून ठेवलाय, गिटार त्याच्या मागे उभी आहे. चांगलं गाणं आहे, पण घरातला कर्ता बदललाय.

मग ईएमआय या बड्या लेबलवर 'होस्ट' आला. निर्माता स्टीव्ह लायन, ज्याने आधी डिपेश मोडबरोबर काम केलं होतं. तेरा गाणी, इलेक्ट्रॉनिक ताल, तंतुवाद्यं, सिंथ (सिंथेसायझर). मेटल ऐकणाऱ्याला पहिल्या मिनिटात धक्का बसणारच. पण 'हार्बर', 'इट्स टू लेट' किंवा 'मेड द सेम' ऐकताना होम्सचा आवाज कानाबाहेर ठेवा आणि बाकीचं ऐका. मागे दुसरी सुरावट चालू आहे. कधी ती तंतुवाद्यांत आहे, कधी सिंथच्या एका बारीक रेषेत. मॅकिंटॉशने लीडचं वाद्य बदललं, लीडचं काम चालू ठेवलं. रचना तीच, पोशाख वेगळा.

बँड विकला गेला, असा आरोप तेव्हा झाला आणि आजही होतो. तो मला पटत नाही. २०२३ मध्ये होम्स आणि मॅकिंटॉश या दोघांनीच एक वेगळा प्रकल्प काढला, त्याला नाव दिलं 'होस्ट', आणि 'नाइन' हा अल्बम त्याच सिंथच्या वाटेने केला. अल्बमच्या कव्हरवर ते नाव रोमन आकड्यांत आहे. लेबलच्या दडपणाखाली केलेल्या कामाकडे कोणी चोवीस वर्षांनी आपणहून परत जात नाही.

त्या काळात हे वळण एकट्या पॅराडाइज लॉस्टचं नव्हतं. माय डाइंग ब्राइडने १९९८ मध्ये '३४.७८८%... कम्प्लीट' काढला आणि पुढच्याच वर्षी 'द लाइट ॲट द एंड ऑफ द वर्ल्ड'ने माघारी आले. पोर्तुगालच्या मूनस्पेलचा 'द बटरफ्लाय इफेक्ट' १९९९ चा. नॉर्वेच्या थिएटर ऑफ ट्रॅजेडीचा 'म्युझीक' २००० चा, आणि तो इथे जास्त शिकवून जातो. त्यांच्याकडे दुसरी सुरावट म्हणजे दुसरा कंठ होता : लिव्ह क्रिस्टीनचा सोप्रानो आणि समोर रेमंड रोहोनीचं ग्राउल. ग्राउल 'एजिस'मध्येच (१९९८) ओसरलं होतं, पण तिथे दोन आवाजांत अंतर होतं. 'म्युझीक'मध्ये दोघं एकाच गुळगुळीत पृष्ठभागावर आले आणि ताण संपला.

आता 'बिलीव्ह इन नथिंग'. निर्माता जॉन फ्रायर, बारा गाणी, सिंगल 'माउथ'. गिटार परत आली, ड्रम परत आले, कोरस लगेच तोंडात बसतो. मग कमी काय? गिटार परतली ती कॉर्डची भिंत म्हणून. लीड आहे, पण ती बहुतेक वेळा कंठाच्या चालीची सावली होते किंवा भिंतीत विरघळते. 'होस्ट'मध्ये सिंथने जी जागा नीट राखली होती ती इथे कोणीच राखत नाही. परिणाम असा की गाणं कानाला बरं वाटतं आणि संपल्यावर हाती काही उरत नाही. आधीच्या अल्बमांइतकं जड नाही, 'होस्ट'इतकं धीटही नाही.

हे फक्त माझं मत मानून सोडू नका, कारण या अल्बमवर स्वतः करून पाहण्यासारखा एक प्रयोग आयता तयार आहे. २०१८ मध्ये दोन्ही अल्बम न्यूक्लिअर ब्लास्ट या लेबलने पुन्हा काढले. 'होस्ट'चं रीमास्टरिंग झालं. 'बिलीव्ह इन नथिंग' मात्र हाइमे गोमेझ अरेयानोने मुळापासून पुन्हा मिक्स केला. 'द प्लेग विदिन' (२०१५) आणि 'मेडुसा' (२०१७) या अल्बमांचा निर्माता तोच. फरक समजून घ्या. रीमास्टरिंगमध्ये हातात तयार डावा-उजवा ट्रॅक असतो. एकूण आवाज, खर्ज-तीव्र यांचा तोल, दाब, एवढंच बदलता येतं. रीमिक्समध्ये प्रत्येक वाद्याचा सुटा ट्रॅक हातात असतो, त्यामुळे लीड वर काढता येते, ड्रमचा आवाज बदलता येतो, कंठ मागे नेता येतो. वादन मात्र तेच राहतं. म्हणून २००१ आणि २०१८ शेजारी ठेवून ऐकताना जे सुधारलं तो मिक्सचा दोष होता आणि जे दोन्हीकडे तसंच राहिलं तो रचनेचा दोष. इतकी स्वच्छ तुलना फार थोड्या अल्बमांच्या नशिबी येते.

प्रयोग असा करा. २००१ ची सीडी किंवा तिची बिनदाबाची (लॉसलेस) प्रत मिळवा. फ्लॅक किंवा वेव्ह चालेल. व्हिडिओवरून उतरवलेला ऑडिओ नको. प्रवाही (स्ट्रीमिंग) सेवेवर ऐकत असाल तर आधी कोणती आवृत्ती लागली आहे ते पाहा. अल्बमच्या नावापुढे रीमिक्स किंवा रीमास्टर लिहिलेलं असतं, आणि जुनी समजून नवीच ऐकली जाणं ही सर्वांत सामान्य चूक आहे. 'माउथ'च्या दोन्ही प्रती रीपर किंवा तुमच्याकडे असेल त्या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन ट्रॅकवर टाका आणि पहिल्या ड्रमच्या ठोक्यावर जुळवा. मग लाउडनेस मीटर लावा. युलीनचा फुकट मिळतो. संपूर्ण गाण्याचा एकत्रित आकडा पाहा. समजा एक प्रत उणे ११ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं एकक) आणि दुसरी उणे ८ आली, तर मोठी प्रत ३ डीबीने खाली घ्या. हे टाळलंत तर पुढचं सगळं व्यर्थ, कारण मोठा आवाज कानाला नेहमी चांगला आवाज वाटतो. अर्ध्या डीबीच्या आत जुळणी हवी. मास्टर बसवर (सगळे ट्रॅक एकत्र येतात तिथे) आवाजाची शिखरं दाबणारा लिमिटर असेल तर काढा, तो तुलना बिघडवतो.

आता एका वेळी एकच गोष्ट ऐका. पहिल्या फेरीत ड्रम : किकचा (पायाने वाजणाऱ्या मोठ्या ड्रमचा) 'टक' ३ ते ५ किलोहर्ट्झमध्ये किती पुढे आहे, स्नेअरला खोलीचा आवाज आहे का. दुसऱ्या फेरीत ऱ्हिदम गिटारची रुंदी. तिसऱ्या फेरीत फक्त लीड. कागदावर तीन रकाने करा, लीड कोणत्या सेकंदाला आली आणि कोणत्या सेकंदाला गेली ते लिहा, आणि तिचे स्वर कंठापेक्षा वेगळे आहेत का यावर तिसऱ्या रकान्यात खूण करा. मग हेच 'एन्चॅन्टमेंट'साठी आणि 'हार्बर'साठी करा. 'हार्बर'साठी लीडऐवजी तंतुवाद्यं मोजा. मला २०१८ ची प्रत ऐकताना ड्रम आणि गिटार यांत खरा फायदा दिसतो, भिंतीला धार येते. पण तिसऱ्या रकान्यात खुणा वाढत नाहीत. जे वाजवलंच नाही ते मिक्समध्ये कुठून आणणार?

ट्रॅक सुटे करून पाहायचे असतील तर डीमक्स हे फुकट सॉफ्टवेअर आहे. ते ड्रम, बेस, कंठ आणि 'इतर' असे चार भाग करतं. गिटार आणि कीबोर्ड दोन्ही 'इतर'मध्ये एकत्र पडतात. त्याचं सहा भागांचं मॉडेल गिटार वेगळी काढतं, पण पियानोचा भाग कच्चा निघतो. झांजांच्या जागी पाण्यातून आल्यासारखा बुडबुडता आवाज ऐकू येईल; तो अल्बमचा दोष समजू नका. कंठ काढून टाकलेल्या प्रतीत मागे गुणगुणण्यासारखं काही उरतं का, एवढंच तपासा.

अल्बम फसला की कान हट्टी, याचा निकाल एका ऐकण्यात लागत नाही. ओळखीचा आवाज मिळाला नाही की मेंदू पहिल्या फेरीत फक्त उणिवा मोजतो. म्हणून नवा अल्बम तीनदा ऐका, मध्ये किमान दोन दिवस सोडा, आणि त्या काळात त्याच बँडचे जुने अल्बम लावू नका. दुसरं ऐकणं अगदी हळू आवाजात करा, शेजारी कोणी बोललं तर शब्द कळतील इतक्या. हळू आवाजात खर्ज आणि झळाळी गळून पडतात, मागे राहते ती चाल. ती उभी राहिली तर धक्का फक्त पोशाखाचा होता. तिसऱ्यांदा स्टिरिओ बंद करून एका स्पीकरवर ऐका. मोनोमध्ये रुंदीचा देखावा जातो आणि लीड, कंठ व कीबोर्ड एकमेकांवर चढलेत का ते लगेच कळतं. थकवा येत असेल तर २ ते ४ किलोहर्ट्झचा पट्टा तपासा. कान तिथे सर्वांत संवेदनशील असतो, आणि दाबून मोठा केलेला मास्टर तिथेच टोचतो. असा अल्बम वाईट रचलेला नसतो, वाईट मास्टर केलेला असतो, आणि त्याच्या वाट्याचा राग चुकून गीतांवर निघतो.

आता तुमच्या बँडकडे येतो. तुमचा धोका 'होस्ट'चा नाही, 'बिलीव्ह इन नथिंग'चा आहे.

स्वच्छ गाणाऱ्या पुरुषाचे मूळ स्वर साधारण ११० ते ४४० हर्ट्झमध्ये असतात. प्रमाण ट्यूनिंगमध्ये बी तारेच्या दहाव्या फ्रेटपासून वरच्या ई तारेच्या सतराव्या फ्रेटपर्यंत लीड वाजवली तर ती ४४० ते ८८० मध्ये बसते, म्हणजे कंठाच्या बरोबर वरच्या मजल्यावर. गिटार दोन पूर्ण स्वर खाली, सी ते सी, लावली असेल तर हीच लीड चार फ्रेट वर न्यावी लागते. बरेच बँड ट्यूनिंग खाली आणतात आणि लीडची बोटं त्याच जागी ठेवतात. लीड कंठाच्या मजल्यावर उतरते आणि दोघं एकमेकांना झाकतात. मग लीडचा आवाज वाढवला जातो, त्याने गायक बुडतो, गायकाचा वाढवला जातो, आणि हे चक्र मास्टरिंगपर्यंत चालतं.

कीबोर्डचा लांब धरलेला पॅड हा दुसरा गुन्हेगार. २०० ते ८०० हर्ट्झमध्ये तो कंठ आणि लीड दोघांनाही खातो. पॅडला २५० ते ३०० हर्ट्झपर्यंतचा हाय-पास (त्याखालचा आवाज कापणारा फिल्टर) लावा, कॉर्डमधला सा काढून टाका (तो बेसकडे आहेच), आणि डावा हात बंद ठेवा. कीबोर्ड वाजवणाऱ्याला हे आवडत नाही. रेकॉर्डिंगच्या आधी, सरावातच ठरवा, नाहीतर मिक्सच्या टेबलावर भांडण होतं.

खालची बाजूही हिशेबात धरा. सी ट्यूनिंगमध्ये गिटारची खालची तार ६५ हर्ट्झच्या आसपास आणि बेसची ३३ च्या आसपास. गिटारला ८० ते १०० हर्ट्झचा हाय-पास निर्धास्त लावा, ते वजन बेस उचलेल. सरावाच्या खोलीत गिटार एकटी पातळ वाटेल. वाटू द्या.

ऱ्हिदम गिटार दोनदा वेगवेगळी वाजवून पूर्ण डावी-उजवी ठेवा. एकच टेक (एकदा रेकॉर्ड केलेलं वादन) कॉपी करून सरकवू नका, मोनोमध्ये तो पोकळ होतो. कंठ मध्यभागी. लीड बरोबर मध्यात न ठेवता एका बाजूला २० ते ३० टक्के सरकवा आणि ३५० ते ४५० मिलिसेकंदांचा हलका डिले (उशिरा येणारा पडसाद) दुसऱ्या बाजूला पाठवा. कोरसमध्ये कंठाचे चार-चार थर लावायचा मोह होईल. दोनवर थांबा, नाहीतर मध्यभाग भरतो आणि लीडला घुसायला जागा राहत नाही.

हे सगळं मिक्सचं झालं, आणि मिक्स नंतरचा आहे. आधी रचना करताना चालीचा कागद आखा. वर कंठाची ओळ, खाली लीडची, बार (तालाचे समान तुकडे) मोजून. गायकाने चार बारांची ओळ लिहिली असेल तर तिसऱ्या बारच्या शेवटी तो थांबलाच पाहिजे, म्हणजे लीडला एक बार उत्तराला मिळतो. कंठ वर चढताना लीड उतरू द्या. दोघांनी एकच चाल धरली असेल तर ती फक्त शेवटच्या कोरसमध्ये, एकदाच. ग्राउल सगळं फेकून देऊ नका. पॅराडाइज लॉस्टनेही ते २०१५ मध्ये 'द प्लेग विदिन'वर परत आणलं, आणि तिथे स्वच्छ आवाजाशेजारी त्याचं वजन आधीपेक्षा जास्त जाणवतं. तुमच्याकडे ग्राउल करणारा आणि गाणारा एकच माणूस असेल तर दोन्ही टेक एकाच दिवशी घेऊ नका. आधी स्वच्छ आवाज संपवा, ग्राउल दुसऱ्या दिवशी. उलट केलंत तर घसा सुजलेला राहतो, वरचे स्वर खाली पडतात आणि ते पिच दुरुस्तीने ओढावे लागतात. ती दुरुस्ती मींड सपाट करून टाकते.

डेमो झाला की त्यातून कंठ बंद करून बँडबाहेरच्या कोणाला तरी ऐकवा आणि काय आठवतं ते गुणगुणायला सांगा. त्याने काहीच गुणगुणलं नाही, तर स्टुडिओची तारीख पुढे ढकला.